हेडटॉर्च घेतला, दुर्बीण कुठंय?

स्पष्ट लिहितोय. काही ओळखीच्या लोकांना लागेल. लागू दे.

डोक्याला झगझगीत टॉर्च, अंगात पानाफुलांच्या नक्षीचे कपडे, हातात स्कोप लावलेली एअरगन आणि खाली हप्त्यावर घेतलेली मोठी गाडी. एवढं जमलं की माणूस शिकारी होतो, असा समज आपल्या तालुक्यात पसरत चाललाय. तो खोटा आहे. आणि हा समज एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार आहे, जनावराचा आणि माणसाचाही.

निमित्त सांगतो. गेल्या महिन्यात शिकारीच्या एका गुन्ह्याची बातमी मी इथं टाकली होती. चार आरोपी, एक बंदूक, भेकराचं मांस. वाटलं होतं लोक चिडतील, निदान हळहळतील. इनबॉक्समध्ये काय आलं? "दादा, त्यांच्याकडं टॉर्च कुठल्या कंपनीचा होता?" दुसरा विचारतो, "थर्मल स्कोप आपल्याकडं मिळतो का हो?" तिसऱ्यानं तर एका परदेशी व्हिडिओची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "आपल्या घाटात असा सेटअप पाहिजे."

हे विचारणारे कोण? रान खाऊन गेलं म्हणून कपाळाला हात लावलेला शेतकरी नव्हे. त्याच्याबद्दल पुढं लिहितोच. हे डंपरवाले, प्लॉटिंगवाले, हॉटेलवाले, शनिवारची रात्र मोकळी असलेले पंचविशी-तिशीतले गडी. हातात पैसा आहे, घाट अर्ध्या तासावर आहे आणि मोबाईलमध्ये अमेरिकेतल्या डोंगरी शिकारीचे व्हिडिओ आहेत. सिटका, कुयू या शिकारी कपड्यांच्या कंपन्यांची नावं पोरांना तोंडपाठ.

म्हणून मी पण दोन आठवडे बसून ते व्हिडिओ बघितले, तिथले नियम वाचले. माझं म्हणणं एकच आहे. तुम्ही ते अर्धेच बघितलेत. त्यातलं सामान घेतलंत, तयारी सोडून दिलीत. तिथलं सगळं सामान एका कामासाठी असतं : खात्री पटेपर्यंत गोळी न झाडणं. तुम्ही घेतलेलं सामान नेमकं उलट्या कामाचं आहे. खात्री करायची गरजच पडू नये म्हणून ते घेतलेलं आहे.

आता खुलासा करतो.

कोलोरॅडो हे अमेरिकेतलं डोंगराळ राज्य. तिथं एल्कची शिकार चालते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा, मोठा नर ३०० किलोच्या आसपास भरतो. ही शिकार चालते आठ ते अकरा हजार फुटांवर. आपलं कळसूबाई ५४०० फूट, म्हणजे तिथं शिकारीची सुरुवातच आपल्या सर्वांत उंच शिखराच्या बऱ्याच वर होते.

तिथला माणूस सर्वांत आधी काय घेतो? बंदूक नाही. बूट. तेही हंगामाच्या कित्येक महिने आधी, कारण नवे बूट घालून डोंगर चढला तर दुसऱ्या दिवशी टाचा सोलून माणूस तंबूत बसतो. पाठीवर वजन घेऊन चढ चढायचा सराव उन्हाळ्यापासून सुरू होतो. कपडे थरावर थर : आत घाम बाहेर टाकणारी लोकर, त्यावर ऊब देणारा थर, वर वारा-पाऊस अडवणारा. अंगाला सुती कापड नको, कारण सुती भिजलं की वाळत नाही आणि थंड वाऱ्यात माणसाच्या अंगातली ऊब ओढून घेतं. सपाटीवरून येणारा शहाणा माणूस दोन-तीन दिवस आधी पोचतो, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून.

दुसरी महत्त्वाची खरेदी दुर्बिणीची. चांगली दुर्बीण, तिला तिपाई, कधी लांबचं बघायला वेगळी मोठी दुर्बीण. तिथले जाणते लोक बुटांवर आणि दुर्बिणीवर खर्च करायला सांगतात, बंदूक साधी असली तरी चालते म्हणतात. कारण दिवसाचे बहुतेक तास समोरच्या उतारावर इंच इंच नजर फिरवण्यात जातात. नर की मादी? शिंगं केवढी? मागं कळप आहे का? मागं माणूस आहे का?

आणि पाठीवरची ती मोठी फ्रेमची पिशवी, जी बघून तुम्ही "भारी बॅग" अशी कॉमेंट टाकता, ती कशासाठी असते? मांस वाहून आणायला. एल्क पडला की खरं काम तिथून सुरू होतं. जागेवर तुकडे करायचे, हवा लागेल अशा कापडी पिशव्यांत भरायचे आणि पाठीवरून तीन-चार फेऱ्या मारून खाली आणायचे. अलास्कात खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं हा गुन्हा आहे. म्हणजे झाडण्याआधी माणसाला विचार करावा लागतो, इथून खाली नेणं मला झेपेल का? नसेल झेपणार तर घोड्यावर बोट ठेवायचं नाही.

हे झालं सामान. आता कागद बघा.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा शिक्षणवर्ग पूर्ण केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. म्हणजे पंच्याहत्तरीच्या आतबाहेरच्या आजोबांनाही सूट नाही. चांगल्या भागातले परवाने सोडतीनं निघतात आणि रानमेंढ्यासारख्या जनावरासाठी माणसं वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात. मिळालेल्या परवान्यावर कुठला भाग, कुठल्या तारखा, नर की मादी हे ठरलेलं असतं. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. रात्री दिवा मारून एल्क-हरणासारखं मोठं जनावर टिपणं तिथं गुन्हा आहे. परत वाचा. ज्या टॉर्चची कंपनी तुम्ही मला विचारताय, तो वापरून त्या व्हिडिओतल्या माणसानं शिकार केली तर तो आत जाईल.

बंदुकीनं शिकार करणाऱ्याला तिथं कमरेच्या वर ५०० चौरस इंच, म्हणजे साधारण साडेतीन चौरस फूट, भडक केशरी किंवा गुलाबी रंग घालावा लागतो. डोक्यावर त्याच रंगाची टोपी, चारी बाजूंनी दिसेल अशी. का? दुसऱ्या शिकाऱ्याला आपण माणूस आहोत हे लांबून कळावं म्हणून.

अलास्कातल्या डॉल मेंढ्याचं उदाहरण मला सर्वांत पटलं. बहुतेक भागांत तिथं नर मारायचा तर त्याचं शिंग पूर्ण वेटोळं झालेलं पाहिजे, नाहीतर दोन्ही शिंगं मोडलेली पाहिजेत, नाहीतर वय किमान ८ वर्षं पाहिजे. वय कसं ओळखायचं? शिंगावरची वर्षाची वळी मोजून. माणूस कड्यावर वाऱ्यात पालथा पडून दुर्बिणीतून वळी मोजतो. सात भरली तर उठतो आणि चालू लागतो. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला सोबत नोंदणीकृत वाटाड्या किंवा तिथला जवळचा नातेवाईक लागतो. विमानातून उतरलात त्याच दिवशी शिकार नाही, वरून जनावर हेरून लगेच टिपायला नको म्हणून.

आता आपल्याकडं या.

गाडीत सहा जण. दोन बंदुका किंवा एअरगन, त्यातल्या किती परवान्याच्या ते त्यांनाच ठाऊक. रात्री अकराला घाटात. एक टॉर्च मारणार, डोळे चमकले की दुसरा झाडणार. चमकले ते डोळे सांबराचे, भेकराचे, वासराचे की चुकलेल्या म्हशीचे, हे गोळी लागल्यावर बघायचं. जनावर जखमी होऊन दरीत उतरलं तर कोण जाणार अंधारात? कोणी नाही. दुसरं बघू. बूट म्हणाल तर सँडल. पाण्याची एक बाटली आणि बाकीच्या बाटल्या वेगळ्या. पोटात दारू आणि हातात भरलेली बंदूक, याला जगात कुठंही शिकार म्हणत नाहीत.

आणि अंगात काय, तर नक्षीचे कपडे. रात्रीच्या अंधारात लपता कुणापासून? जनावराला तुमचा वास अर्ध्या मैलावरून आलाय, त्यानं गाडीचा आवाज ऐकलाय. लपता ते वनरक्षकापासून. आणि त्याच कपड्यांमुळं स्वतःच्या सोबत्यालाही दिसत नाही.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गटात सोबत्याच्याच गोळीनं एक गावकरी मेला. डुक्कर समजून झाडली. बाकीच्यांनी घाबरून प्रेत रानात लपवलं, काही दिवसांनी पोलिसांनी शोधून काढलं. मेलेला गेला. उरलेले कोर्टाच्या वाऱ्या करताहेत. ही कुणाशी दुश्मनी नव्हती. त्यांच्याकडं काय कमी होतं? बंदूक होती, माणसं होती. खात्री नव्हती.

"पण दादा, एअरगनला लायसन लागत नाही."

बरोबर. ठरावीक ताकदीच्या आणि मापाच्या आतली एअरगन विनापरवाना घेता येते. घरामागं डबे पाडायला. जनावरावर धरली की विषय वन्यजीव संरक्षण कायद्याचा, १९७२ च्या. त्या कायद्यात शिकारीची व्याख्या नीट वाचा : मारणं, विष घालणं, पकडणं, फासकी लावणं, हाकणं, आमिष ठेवणं आणि यातला प्रत्येक प्रयत्न. म्हणजे "मी फक्त टॉर्च धरला होता", "मी फक्त गाडी चालवत होतो" हे कोर्टात ऐकून घेतलं जाईलच याची खात्री नाही. गवा, बिबट्या पहिल्या अनुसूचीत. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. गाडी आणि हत्यार जप्त, पुढं सरकारजमा करायची तरतूद. गाडी सरकारकडं जाईल, हप्ता मात्र तुमच्याकडंच राहील.

अरुणाचल प्रदेश हा तर पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या लोकांचा मुलूख. तिथं २०२१ साली एअरगन जमा करण्याची मोहीम निघाली आणि लोकांनी आपणहून हजारांनी एअरगन आणून दिल्या. कारण त्यांच्या लक्षात आलं, रानात पाखरांचा आवाज कमी झालाय. आपल्याला हे कधी ऐकू येणार?

आता जे आक्षेप कॉमेंटमध्ये येणार ते आधीच घेतो.

पहिला : "आमचे आजे-पणजे शिकार करत होते."

होते. त्यांची ठासणीची बंदूक होती. एकदा झाडली की परत दारू ठासेपर्यंत जनावर पुढच्या डोंगराला. त्यामुळं ते झाडण्याआधी दहा वेळा बघत. कुठली घळ, कुठलं पाणवठं, वारा कुठून, सगळं पायाखालचं. डुक्कर पडलं तर वाडीत घरटी वाटा जायचा. आणि तेव्हाचं रानही तेवढं मोठं होतं. दाजीपूरचं रान एके काळी कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. त्याचंच १९५८ साली अभयारण्य झालं. ज्यांचा शिकारीचा हक्क होता त्यांच्या रानाचंही अभयारण्य झालं, आणि आपण आजोबांचं नाव सांगून गाडी घाटात घालतोय. आजोबांचा वारसा सांगायचा तर आजोबांएवढं चालून दाखवा.

दुसरा : "अमेरिकेत चालतं, पाकिस्तानात चालतं, मग इथंच का बंदी?"

पाकिस्तानात मारखोर या डोंगरी बकऱ्याचे मोजके परवाने लिलावात एक लाख डॉलरच्या वर जातात, आणि त्यातले ८० टक्के त्या खोऱ्यातल्या गावांना मिळतात. म्हणून गाव राखण करतं. अमेरिकेत १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडं जातो. तिथं आधी जनावरं मोजतात, मग किती परवाने द्यायचे ते ठरवतात. तुमच्या खोऱ्यात सांबरं किती, सांगा. माद्या किती, पाडसं किती? नाही ना माहीत? शिल्लक न बघता खात्यातून पैसे काढणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला धंद्यात माहीत आहे. मी इथं परवाने सुरू करा म्हणत नाही. एवढंच म्हणतो की तिथलं नाव घेऊन इथली चोरी झाकू नका.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे : "डुकरं, गवे पीक खातात त्याचं काय?"

इथं मी शेतकऱ्याच्या बाजूनं आहे, पूर्ण. भात पोटरीत आला की एका रात्रीत डुकरांचा कळप वर्षाची बेगमी लोळवून जातो. ऊस, नाचणी, केळी, काजूची रोपं, काही सुटत नाही. पीक वा माणूस धोक्यात असेल तर वन खात्यानं कारणं नोंदवून लेखी परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण ती परवानगी येईपर्यंत शिवारात खायला काही उरत नाही. पंचनाम्याला माणूस येत नाही, आला तर कागद अपुरे निघतात, भरपाईचा आकडा बघून माणूस हसतो. पीक राखायला ज्याच्याकडं परवान्याची बंदूक आहे, त्याला निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. आचारसंहिता माणसांना असते, डुकरांना नाही.

हा प्रश्न मी बातम्यांतून वर्षानुवर्षं लिहितोय, लिहीत राहणार. पण शनिवारच्या रात्री गाडी घेऊन घाटात जाणाऱ्यांनो, तुम्ही कुणाच्या भातात मचाण बांधून बसलात कधी? शेतकऱ्याच्या बांधावर एक रात्र जागलात? तुमची गाडी शिवारात थांबत नाही. ती पाणवठ्यावर थांबते, जिथं पीकच नाही. उलट तुम्ही छर्रे मारून बिथरवलेला गवा दुसऱ्या दिवशी सकाळी सरपणाला गेलेल्या बाईसमोर उभा राहतो. हजार किलोपर्यंतचं जनावर, जखमी, रागावलेलं. तुम्ही तेव्हा घरी झोपलेले असता. शेतकऱ्याच्या दुःखाआड लपू नका.

मग डोंगराची ओढ आहे, रान आवडतं, अंगात रग आहे, त्यानं करायचं काय? मी सांगतो. त्या परदेशी यादीतून बंदूक काढा. बाकीची यादी जशीच्या तशी घ्या.

बूट घ्या, घोटा धरणारे, ओल्या कातळावर पकडणारे, आणि महिनाभर वापरून मगच लांब जा. दुर्बीण घ्या, ८ बाय ४२ ची पुरे, झाडीत हात हलला तरी चित्र हलत नाही. पावसाळ्यात जीन्स घालू नका, भिजलेल्या जीन्सनं आणि वाऱ्यानं सह्याद्रीतही माणूस गारठून मरणाच्या दारात जातो. माणशी तीन लिटर पाणी, मळमपट्टी, शिट्टी, दोरी. हेडटॉर्च जरूर घ्या, स्वतःच्या पायाखाली बघायला. घरी लेखी सांगून जा, कुठून चढणार, कुठं उतरणार, किती वाजता फोन नाही आला तर कुणाला कळवायचं. आणि व्हिडिओत दिसतं ते उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र मागवू नका. आपल्या देशात ते विनापरवानगी बाळगता येत नाही, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणेसुद्धा त्यात अडकलेत.

मग पहाटे एका धारेवर बसा आणि गव्यांचा कळप शोधा. वारा तोंडावर घेऊन तीन तास हलू नका. कळपातला म्होरक्या कोण, वासरं किती, हे वहीत लिहा. हे जमलं तर तुमच्यात शिकाऱ्याचे गुण आहेत, नक्की. नाही जमलं तर समजून घ्या की टॉर्च आणि गाडी काढून घेतल्यावर तुमच्याकडं काहीच उरत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री काही अभयारण्यांत वन खातं लोकांना मचाणावर बसायला देतं, त्याला नाव नोंदवा. रात्रभर न बोलता बसून दाखवा.

आता तिघांना जाहीर विनंती.

वन खात्याला : शनिवारी रात्री घाटाच्या तोंडाला नाका लावा. वनरक्षकाला काठी देऊन बंदूकवाल्यांसमोर एकटं पाठवू नका, सोबत पोलीस द्या. आणि शेतकऱ्याच्या अर्जाला मुदतीत लेखी उत्तर द्या. त्याला न्याय मिळाला की चोरांची सबब संपेल.

दुकानदारांना : एअरगन विकताना गिऱ्हाइकाला कायदा सांगा. "डुकराला पण चालते" म्हणून विकू नका. तुम्ही कोण ते तालुक्याला माहीत आहे.

घरच्यांना : पोरगा रात्री नक्षीचे कपडे घालून बाहेर पडला तर कुठं चाललास विचारा. सकाळी फ्रिजमध्ये वेगळं मांस आलं तर कौतुकानं शिजवू नका.

गाडीत सहावा म्हणून बसणाऱ्या पोरालाही एक सांगतो. तुला बोलावलंय ते टॉर्च धरायला. गुन्हा लागला तर तुझं नाव यादीत असेल, गोळी चुकली तर तू अंधारात त्याच नक्षीच्या कपड्यांत उभा असशील. नाही म्हणायला शीक.

शिकारीची माहिती असेल तर वन खात्याचा १९२६ हा मोफत क्रमांक आहे. मला कळवलंत तरी चालेल, नाव बाहेर येणार नाही. कुठल्या कंपनीचा टॉर्च घेऊ म्हणून विचारणाऱ्यांना मात्र उत्तर हेच, जे वर लिहिलंय. यापुढं वेगळं मिळणार नाही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, नाव न लपवता लिहा.